गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, प्लग बदलून झाले तरी फरक नाही, घरीच शोधायचंय

पाऊसवाट:
नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे एकाच गोष्टीच्या मागे आहे आणि आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितोय. माझी गाडी पेट्रोल, १.५ लिटर, चार सिलिंडर, ऑटोमॅटिक, ९६ हजार किमी झालेत. सकाळी पहिला स्टार्ट एकदम छान, पण दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम झाली की सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरायला लागतं, स्टिअरिंग हातात हलतं, मागच्या सीटवरच्या माणसालाही कळतं. आरपीएमचा काटा ७५० वर असायला हवा तो ६०० पर्यंत खाली येतो, परत वर जातो, वाटतं आता बंद पडणार पण पडत नाही. चालवताना मात्र काहीच त्रास नाही, पिकअप जसाच्या तसा.

आतापर्यंत केलेलं सांगतो. चारही प्लग नवीन टाकले, पुस्तकात दिलेल्याच नंबरचे. एअर फिल्टर नवीन. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) काढून साफ केली, बरीच काजळी निघाली, त्यानंतर दोन दिवस बरं वाटलं आणि मग परत तेच. एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाले चारही इंजेक्टर बदला. काही न तपासता चार इंजेक्टर बदलायला मन तयार होत नाही. घरी पान्यांचा सेट आहे, मल्टिमीटर आहे, शिकायची तयारी आहे. जुने प्लग ठेवलेत, तीन फिकट तपकिरी आहेत, चौथ्या सिलिंडरचा जरा पांढरट वाटतो, बाकी काही विशेष नाही. चेक इंजिनची लाईट पेटलेली नाही. कुठून सुरुवात करू?

दहाचा_पाना:
लाईट पेटली नाही म्हणजे कोड नाही असं धरून चालू नका भाऊ. बऱ्याच चुका गाडी आधी पेंडिंग म्हणून नोंदवते आणि पुढच्या फेरीतही तेच दिसलं तरच लाईट लावते. ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले चुकांचे कोड वाचणारं यंत्र) मिळाला तर घ्या किंवा कोणाचा तरी आणा, स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं तिथे लागतो. त्याशिवाय हा शोध म्हणजे अंधारात चाचपडणं.

जुनाफिटर:
स्कॅनर आणाच, पण त्याच्या आधी इंजिनाजवळ पाच मिनिटं उभं राहा आणि नीट बघा. तीस वर्षं हेच काम केलंय, सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथे. थरथर तीन प्रकारची असते आणि लोक तिन्हीला एकच नाव देतात.

एक म्हणजे मिसिंग, ठरावीक अंतराने धक्का बसतो, सायलेन्सरच्या आवाजात मधेच एक ठोका गळतो. हा बहुतेक वेळा एकाच सिलिंडरचा आजार. दुसरं म्हणजे आरपीएम झोके घेणं, काटा खाली जातो, वर येतो, परत खाली, म्हणजे हवेचं आणि पेट्रोलचं गणित जमत नाहीये आणि कॉम्प्युटर सावरायचा प्रयत्न करतोय. तिसरं म्हणजे इंजिन एकदम सरळ चाललंय, काटा हलत नाही, आवाज एकसारखा, पण गाडी थरथरते. ते इंजिनाचं दुखणंच नाही, ती फाउंडेशनची गोष्ट, म्हणजे इंजिन माउंटिंगचं रबर गेलेलं असतं. आणि एकाच गाडीत यातले दोन एकत्र असू शकतात हे लक्षात ठेवा.

आता मला हे सांगा. गार असताना खरंच शंभर टक्के चांगली असते का? एसी लावला की वाढतं का? डी (गिअर) मध्ये ब्रेक दाबून जास्त आणि एन (न्यूट्रल) मध्ये कमी असं आहे का? एन मध्येच हळूच रेस देऊन १५०० वर धरली की थांबतं का? आणि शेवटचं, पेट्रोल भरल्यावर लगेच जास्त होतं का?

एक सांगून ठेवतो. चालू इंजिनावर काम करणार आहात तर गाडी मोकळ्या हवेत ठेवा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो सूचना देत नाही. पार्किंग लॉक, हँडब्रेक, चाकाला दगड. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब. रेडिएटरचा पंखा इंजिन गरम असताना न सांगता चालू होतो.

पाऊसवाट:
काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप धन्यवाद. आज संध्याकाळी उभा राहून बघितलं.

गार असताना खरंच चांगली, तेव्हा आरपीएम ११००-१२०० असतो. गरम होऊन ७५० वर आला की सुरू होतं. एसीने थोडं वाढतं. डी मध्ये एन पेक्षा नक्कीच जास्त. १५०० वर धरली की जवळजवळ थांबतं आणि २००० च्या पुढे तर काहीच नाही. पेट्रोल भरण्याशी काही संबंध दिसला नाही. काटा झोके घेतो आणि मधेमधे ठोकाही गळल्यासारखा वाटतो, पण ठरावीक नाही.

स्कॅनर मित्राचा आणलाय. पेंडिंगमध्ये दोन कोड निघाले, पी०१७१ आणि पी०३००.

चक्रधर:
पी०३०० म्हणजे मिसफायर. माझ्या गाडीला असंच झालं होतं, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) गेली होती, बदलली आणि विषय संपला. पाऊसवाट, तुम्ही प्लग बदललेत पण कॉइल जुन्याच ना? ९६ हजाराला कॉइल जातातच, चारही बदलून टाका.

सावली:
चक्रधरदादा, तुमच्या गाडीला कॉइलच असेल पण इथे मला ते पटत नाहीये. कॉइल गेली की साधारण एकच सिलिंडर मार खातो आणि मग कोड पी०३०१, ३०२, ३०३, ३०४ असा येतो, शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. पी०३०० म्हणजे मिसफायर आहे पण तो एका सिलिंडरवर बोट ठेवता येईल असा नाही. शिवाय सोबत पी०१७१ आहे, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त पेट्रोल कमी. दोन्ही एकत्र आले की मी आधी पातळपणाचं कारण शोधते, कारण पातळ मिश्रणाने मिसफायर होऊ शकतो. आणि कॉइल कमजोर असेल तर ती बहुतेक वेळा जोर लावल्यावर उघडी पडते, चढावर, ओव्हरटेक करताना, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. यांची गाडी जोरात छान चालतेय.

पाऊसवाट, स्कॅनरच्या ॲपमध्ये लाइव्ह डेटा असेल, त्यात शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम असे दोन आकडे शोधा. सोप्या भाषेत सांगते. गाडीच्या कॉम्प्युटरकडे एक तक्ता आहे की इतकी हवा आली तर इतकं पेट्रोल. ऑक्सिजन सेन्सर धूर बघून सांगतो की कमी पडलं की जास्त झालं, त्यावरून कॉम्प्युटर जी दुरुस्ती करतो ती टक्क्यांत म्हणजे ट्रिम. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय. शॉर्ट म्हणजे या क्षणाची, लाँग म्हणजे गाडीने शिकून ठेवलेली. दोन्हींची बेरीज करायची. साधारण अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक.

आता महत्त्वाचं, हे आकडे दोनदा घ्या. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एकदा तसंच उभं असताना, आणि एकदा २५०० वर एक मिनिट स्थिर धरून. एकच आकडा बघून काही कळत नाही, दोघांमधला फरक बोलतो.

जुनाफिटर:
सावलीताईंनी बरोबर रस्ता धरलाय, तोच करा. फक्त कॉइलबद्दल लिहितो कारण धागा पुढे कोणीतरी वाचेल. कॉइलचा संशय असेल तर विकत घेऊ नका, अदलाबदल करा. समजा कोड तिसऱ्या सिलिंडरचा आहे, तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा आणि पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसा, चालवा. कोड पहिल्यावर गेला तर कॉइल वाईट. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

कुठला सिलिंडर काम करत नाही हे शोधायला जुने लोक चालू इंजिनावर प्लगची वायर ओढायचे. हे आताच्या गाडीत करू नका. ठिणगी बंद पण इंजेक्टर चालू, म्हणजे कच्चं पेट्रोल तसंच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. त्यापेक्षा इंजेक्टरचा कनेक्टर काढा, पेट्रोलच येणार नाही. जो काढल्यावर आरपीएम पडतो तो सिलिंडर काम करतोय, जो काढून काहीच फरक पडत नाही तोच आजारी. एक कोड येईल, तो नंतर पुसायचा. आणि हो, हे साध्या पोर्ट इंजेक्शनला (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारतात ते). डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) असेल तर चालू इंजिनावर तिथे हात घालू नका, व्होल्टेजही जास्त आणि पेट्रोलचा दाब भयंकर. तिथे स्कॅनरमधला मिसफायर काउंट बघा.

चेक इंजिनची लाईट लुकलुकत असेल, म्हणजे नुसती पेटलेली नाही तर उघडझाप करतेय, तर गाडी चालवायचीच नाही. कन्व्हर्टर त्या क्षणी जळत असू शकतो.

चक्रधर:
पटलं सावलीताई. माझ्या गाडीला पी०३०२ होता, आता आठवलं. त्यामुळेच कॉइल निघाली असणार.

पाऊसवाट:
आकडे घेतले, तीन वेळा घेतले म्हणजे चूक नको. इंजिन गरम, कूलंट ९० अंश.

उभी असताना शॉर्ट +६ च्या आसपास हलतोय, लाँग +१७. म्हणजे बेरीज +२३.
२५०० वर शॉर्ट +१, लाँग +५. बेरीज +६.

हवेचा सेन्सर म्हणजे एमएएफ उभ्या गाडीला सेकंदाला १.३ ग्रॅम दाखवतो, हे कमी की जास्त मला माहीत नाही.

सावली:
झालं, अर्धं काम झालं तुमचं. बाहेरून कुठूनतरी हवा ओढली जातेय, थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्याच्या) बाजूला. व्हॅक्युम लीक.

कसं ते बघा. गाडी उभी असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ असते आणि इंजिनाला एकूण हवाच मुळात थोडी लागते. त्यात कुठे चीर असेल तर त्यातून येणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा होते, आणि ही हवा एमएएफमधून गेलेलीच नाही त्यामुळे तिच्यासाठी पेट्रोल मोजलं गेलेलं नाही. २५०० वर थ्रॉटलमधूनच इतकी हवा येते की त्याच चिरेचा हिस्सा क्षुल्लक होतो. म्हणून उभ्या गाडीला +२३ आणि रेस दिली की +६. उलट असतं, म्हणजे उभी असताना ठीक आणि रेस दिल्यावर ट्रिम वाढतोय, तर मी पेट्रोल पंप, फिल्टर किंवा घाण एमएएफ बघितला असता.

आणि तुमचा १.३ ग्रॅमसुद्धा तेच सांगतोय. ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनाला उभं असताना जितके लिटर साधारण तितके ग्रॅम, थोडं वरखाली. १.५ लिटरला १.३ म्हणजे थोडी हवा मागच्या दाराने येतेय असं म्हणायला जागा आहे, पण या एका आकड्यावर विसंबू नका, ट्रिम जास्त भरवशाचा.

इंजेक्टर विसरा. चार इंजेक्टर एकदम चोंदले असते तर २५०० वर हाल झाले असते.

उंबरठा:
मधेच घुसतोय, माफ करा. माझं थोडं वेगळं आहे. माझी छोटी गाडी, मॅन्युअल, उभी असताना आरपीएम ७५० ऐवजी ११००-१२०० राहतो, कधी १४००. थरथर नाही. कोड पी०५०७. ट्रिम बघितले तर अगदी शून्याच्या जवळ. म्हणजे लीक नाही ना?

सावली:
उंबरठा, तुमच्या गाडीत एमएएफ आहे का ते आधी बघा, एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या पाइपवर बसवलेला असतो. तिथे काही नसेल आणि मॅनिफोल्डवर एक छोटा एमएपी सेन्सर असेल तर तुमची गाडी हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजते आणि त्यावरून हवा किती असेल त्याचा हिशोब करते. अशा गाडीत चिरेतून आलेली हवासुद्धा दाब वाढवतेच, ती हिशोबात धरली जाते, तितकं पेट्रोल मिळतं, त्यामुळे ट्रिम चांगला दिसतो आणि इंजिन फक्त जोरात फिरत राहतं. म्हणजे ट्रिम शून्य असूनही लीक असू शकतो. तुमचा पी०५०७ हेच सांगतो की आरपीएम ठरवलेल्यापेक्षा जास्त आहे. थ्रॉटलची पाकळी काजळीने पूर्ण बंद होत नसेल तरीही हेच दिसेल, आधी ती बघा. साफ करताना इग्निशन बंद ठेवा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पाकळी बोटाने जबरदस्ती ढकलू नका, गिअर मोडतात. साफ केल्यावर काही गाड्यांना आयडल (उभ्या गाडीचा आरपीएम) नव्याने शिकवावं लागतं, पद्धत तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल.

पाऊसवाट:
सावलीताई, काल रात्री तुमचं वाचून आज सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बोनेटमध्येच होतो. व्हिडिओत बघितलं होतं की कार्ब क्लीनर फवारायचा, आवाज बदलला की तिथे लीक. पण गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारायला हात धजेना, म्हणून पाण्याची स्प्रे बाटली घेतली. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला, इंजेक्टरच्या रबरांना, थ्रॉटलच्या बुडाशी, सगळीकडे बारीक फवारा मारला. काही फरक नाही. आवाज तसाच. मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला हात जात नाही, दिसतही नाही. तीन तास गेले. लीक आहे हे आकड्यांनी कळतंय आणि सापडत नाहीये, याने जास्त त्रास होतोय.

दहाचा_पाना:
पाणी मारलंत ते फार चांगलं केलंत. कार्ब क्लीनर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून पेटल्याचं मी समोर पाहिलंय, बोनेटखालची सगळी वायरिंग गेली. पाणी फक्त कॉइल आणि कनेक्टरपासून लांब. ज्यांच्याकडे स्मोक मशीन आहे त्यांच्याकडून इनटेकमध्ये धूर सोडून घेतला तर चीर डोळ्यांना दिसते. ते घरी बरणी, तेल आणि तापलेली तार वापरून बनवायचे व्हिडिओ आहेत, ते माझ्या मते करू नये.

जुनाफिटर:
धीर सोडू नका. हात जात नाही तिथे फवारा पोचणारच नाही. आता उलट बाजूने जाऊ. चीर शोधायची नाही, एकेक वाट बंद करायची आणि स्कॅनरकडे बघायचं.

मॅनिफोल्डला बाहेरून येऊन मिळणाऱ्या नळ्या मोजक्याच. ब्रेक बूस्टरची (मॅनिफोल्डच्या ओढीने ब्रेक हलका करणारा डबा) जाड नळी, पेट्रोल टाकीच्या वाफेची पर्ज व्हॉल्व्हची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली तेलाची वाफ परत मॅनिफोल्डमध्ये आणणारी) नळी, कुठे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी वाट). इंजिन गरम, चालू, स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम उघडा. बोथट तोंडाच्या पकडीला कापड गुंडाळा आणि एक नळी मॅनिफोल्डच्या शक्य तितकी जवळ चिमटा. वीस-तीस सेकंद थांबा. ट्रिम खाली कोसळला तर लीक त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या भागात. नाही कोसळला तर सोडा आणि पुढची. कडक प्लास्टिकची नळी चिमटू नका, मोडेल. जुनं रबर हळू दाबा.

ब्रेकची नळी चिमटायच्या आधी एक सोपी गोष्ट, उभ्या गाडीत ब्रेक दाबून धरा. आरपीएम बदलून तसाच राहिला, किंवा पायाखाली फुस्स आवाज सतत येत राहिला, तर बूस्टरचा पडदा फाटलाय.

ऑइल फिलरचं झाकण चालू इंजिनावर थोडं सैल करा. आतून जोरात ओढ असेल, झाकण उचलायला ताकद लागत असेल, तर पीसीव्हीचा पडदा गेलाय.

आणि एक सावधगिरी. पीसीव्हीची नळी धडधाकट गाडीतही चिमटली की आरपीएम जरा हलतो, कारण तिथून हवा जाणं हे तिचं कामच आहे. त्यामुळे आरपीएम हलला म्हणून उडी मारू नका. पण ती हवा मोजलेली असते, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही. ट्रिम बघा.

अजून एक, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये चौथा प्लग पांढरट लिहिलंत आणि पुढे गेलात. मी ते धरून ठेवलंय. ट्रिम म्हणजे चारही सिलिंडरची सरासरी. चिरेची हवा सगळ्यांना सारखी वाटली जात नाही, जवळच्या सिलिंडरला जास्त मिळते, तो इतरांपेक्षा पातळ जळतो आणि त्याचा प्लग पांढरा पडतो. कॉम्प्युटर सरासरी सुधारतो, पण तो एकटा उपाशीच राहतो, म्हणून ट्रिमने भरपाई करूनही थरथर जात नाही. चौथ्या सिलिंडरच्या टोकाला मॅनिफोल्डला कोणती नळी येते ती आधी घ्या.

पाऊसवाट:
सापडलं!!

काका, चौथ्याच्या टोकाला पीसीव्हीची नळी येते. ब्रेक दाबून बघितला काही नाही, ऑइलचं झाकण ठीक, ब्रेकची आणि पर्जची नळी चिमटली, ट्रिम जागचा हलला नाही. मग वरून हात घालून पीसीव्हीची नळी चिमटली, अगदी मॅनिफोल्डच्या तोंडाशी, आणि स्कॅनर बायकोच्या हातात होता ती आतून आकडे सांगत होती, चार, शून्य, उणे सहा, उणे दहा, उणे चौदा. तिथे थांबला. लाँग +१७ तसाच होता म्हणजे बेरीज +३! आणि थरथर पन्नास टक्क्यांहून जास्त गेली, तिथल्या तिथे.

इंजिन गार होऊ दिलं, एअर फिल्टरचा डबा काढला, नळी काढली. वरून बघितली तर अगदी नवी दिसते. जिथे ती वळून खाली जाते त्या कोपराच्या खालच्या बाजूला, जी बाजू कधीच दिसत नाही, तिथे बोटाच्या पेराएवढी चीर. रबर तेलाने फुगून इतकं मऊ झालंय की बोटाने दाबलं तर परत वर येत नाही. गार असताना चीर मिटलेली, वाकवली की तोंड उघडतं. फोटो काढून ठेवलाय.

चक्रधर:
जबरदस्त! मी असतो तर चार कॉइल घेऊन बसलो असतो. पण गार असताना चांगली का चालायची? नळी तर तेव्हाही चिरलेलीच होती.

जुनाफिटर:
दोन-तीन कारणं एकत्र आहेत. गार इंजिनाला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, त्या जास्तीच्या पेट्रोलमध्ये चिरेची हवा खपून जाते. आरपीएमही ११००-१२०० असतो, म्हणजे एकूण हवा जास्त, चिरेचा हिस्सा कमी. आणि त्यांनीच लिहिलंय तसं रबर गार असताना चीर मिटते. त्यामुळे गरम झाल्यावरच त्रास होतो असं म्हटलं की लोक सेन्सर बदलत सुटतात, पण त्यामागे एवढंच असू शकतं.

पाऊसवाट, नळी त्याच गाडीची घ्या, साधी पाण्याची किंवा पेट्रोलची रबरी नळी कापून लावू नका, ती आतल्या ओढीने चपटी होते आणि तेलाच्या वाफेने परत फुगते. टेप लावून दोन दिवस काढायला हरकत नाही, पण तेवढंच. पीसीव्ही व्हॉल्व्हही काढून हलवून बघा, आत खुळखुळ वाजायला हवं. तेलाने घट्ट झाला असेल तर तोही बदला.

पाऊसवाट:
नवीन नळी आणि नवीन व्हॉल्व्ह लावला (जुना अजिबात वाजत नव्हता). कोड पुसले. गरम करून बघितलं, उभी असताना शॉर्ट +२, लाँग ० पासून शिकतोय. काटा ७५० वर खिळल्यासारखा. एन मध्ये गाडी चालू आहे की बंद कळत नाही.

पण खरं सांगायचं तर अजून एक आहे. डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं की हलकी थरथर अजून जाणवते. काटा हलत नाही, ठोका गळत नाही, मिसफायर काउंट चारही सिलिंडरला शून्य. पूर्वीच्या मानाने काहीच नाही, पण आहे.

जुनाफिटर:
तुम्हीच उत्तर लिहिलंत. काटा स्थिर, मिसफायर शून्य, डी मध्ये आहे आणि एन मध्ये नाही. फाउंडेशन. डी मध्ये इंजिन गिअरबॉक्सवर जोर लावत असतं, माउंटिंग एका बाजूला पिळलं जातं, रबर बसलेलं असेल तर लोखंडाला लोखंड टेकतं आणि इंजिनाची साधी थरथर सरळ बॉडीत उतरते. त्यात तुमचं इंजिन कित्येक आठवडे झटके देत होतं, त्याने माउंटिंगचे हाल झाले असतील.

बोनेट उघडा, कोणीतरी भरवशाचं आत बसून ब्रेक घट्ट दाबून धरेल, हँडब्रेकही ओढलेला, आणि डी ते आर ते डी असं सावकाश बदलेल. तुम्ही गाडीच्या बाजूला उभे राहा, समोर किंवा मागे अजिबात नाही. इंजिन थोडं झुकणं साहजिक आहे. पण एका बाजूने उचललं जात असेल, धप्प आवाज येत असेल, तर ते माउंटिंग गेलं. काही माउंटिंगमध्ये आत द्रव असतो, ते फुटलं की खाली काळा ओघळ दिसतो.

रातकिडा:
हा धागा वाचून स्कॅनर आणला पण माझी गाडी जुनी, कार्बोरेटरची, सॉकेटच नाही. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी सक्तीचं झालं असं वाचलं, माझी त्याआधीची आहे. अशा गाडीला काय करायचं?

जुनाफिटर:
व्हॅक्युम गेज लावा. मॅनिफोल्डच्या एखाद्या तोंडाला नळी जोडायची, गरम इंजिन, उभी गाडी. समुद्रसपाटीजवळ १७ ते २२ इंच पारा आणि काटा स्थिर असेल तर ठीक. स्थिर पण खाली असेल तर लीक किंवा टायमिंग मागे (ठिणगी उशिरा). ठरावीक अंतराने काटा झटका मारून खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. गेजसुद्धा नसेल तर कागदाची पट्टी सायलेन्सरच्या तोंडाशी धरा, चांगलं इंजिन ती सतत बाहेर ढकलतं. मधेमधे कागद आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाल्याचा संशय धरून कॉम्प्रेशन बघा. सायलेन्सरला गळकं भोक नाही ना ते मात्र आधी पाहा, नाहीतर कागद फसवतो.

उंबरठा:
माझं कळवतो. एमएपीच होता. थ्रॉटल साफ केली, फरक शून्य. मग काकांची चिमटायची पद्धत वापरली, ट्रिमऐवजी आरपीएम बघत. ब्रेक बूस्टरची नळी चिमटली आणि आरपीएम १२०० वरून ७६० वर आला. बूस्टर तपासला, तो ठीक आहे, नळी मॅनिफोल्डला जिथे बसते तिथलं टोक फाटलं होतं. नवीन नळी लावली, आठवडा झाला, व्यवस्थित आहे. ब्रेकही आधीपेक्षा हलका लागतोय, तो कडक झाला होता हे मला आधी कळलंच नव्हतं.

सावली:
उंबरठा, हे लिहिलंत ते बरं झालं. ब्रेकच्या नळीचा लीक असेल तर तो आयडलचा प्रश्न राहत नाही, तो ब्रेकचा प्रश्न होतो आणि त्याच दिवशी सोडवायचा.

पाऊसवाट:
शेवटचं कळवतो. गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग गेलं होतं, आर मध्ये टाकल्यावर इंजिन स्पष्ट उचललं जात होतं. इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकने फक्त भार घेतला आणि बदललं, गाडीखाली न जाता वरूनच झालं, बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला. डी मधली थरथर गेली.

९०० किमी चालवून आज परत आकडे घेतले. उभी असताना लाँग +२, २५०० वर +१. कोड काही नाही, पेंडिंगही नाही. आणि इंजिन गार असताना चारही प्लग काढून ओळीने कापडावर ठेवले. चौथा कुठला ते मला ओळखता आलं नाही, चारही सारखेच फिकट तपकिरी. हाताने आटे धरून परत बसवले, टॉर्क रेंचने आवळले.